नव्या सणाला कथा कोठून येते? ख्रिस्तराजाच्या सणाची शंभर वर्षे



उपासना वर्षाच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा 'विश्वाचा राजा प्रभू येशू ख्रिस्त' ह्याचा महोत्सव साजरा करते. पुष्कळ भाविकांची अशी समजूत असते, की नाताळ आणि पुनरुत्थान ह्या सणांप्रमाणे हाही सण आरंभीच्या शतकांपासून चालत आला असावा. वस्तुस्थिती तशी नाही. पोप पायस अकरावे ह्यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी 'क्वास प्रिमास' हे परिपत्रक प्रसिद्ध करून हा सण स्थापन केला. २०२५ साली त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. दोन हजार वर्षांच्या ख्रिस्तसभेच्या आयुष्यात शंभर वर्षे म्हणजे कालपरवाची गोष्ट होय. ह्या सणाला नाव कोणते द्यावे, तो कोणत्या दिवशी ठेवावा, त्या दिवशी शुभवर्तमानातील कोणता उतारा वाचावा आणि भाविकांच्या मनात कोणते चित्र उभे करावे, हे सारे आपल्या पणजोबांच्या काळात विचारपूर्वक ठरवले गेले.

नवा सण कसा घडतो, हा प्रश्न केवळ रोमपुरता नाही. आपल्या धर्मग्रामांतही नवे दिवस सुरू होत असतात. कधी एखाद्या क्रुसाचा वार्षिक सण, कधी कुटुंब दिन, कधी ज्येष्ठांचा दिवस, कधी शेतकऱ्यांचा. अशा प्रत्येक दिवसाला विषय हवा असतो आणि विषयाला कथा हवी असते. ती कथा कोठून आणावी? ह्या बाबतीत आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. तेथूनच आरंभ करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एका क्रुसाची गोष्ट

आमच्या धर्मगुरुपदाच्या पहिल्या वर्षांतील ही घटना आहे. किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. गावाच्या वेशीवर एक जुना क्रूस होता. त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नसे. त्या क्रुसाचा वार्षिक सण सुरू करावा, असे गावातील तरुणांच्या मनात आले. कल्पना स्तुत्य होती. परंतु क्रुसाचा इतिहास सभेत कोणालाच सांगता येईना. तेव्हा एकाने सुचवले, की हा क्रूस लाटांबरोबर किनाऱ्याला लागला, गावकरी तो दुसरीकडे नेऊ लागले, पण तो जागचा हलेना, असे लिहावे. अशा कथा आपण अन्य तीर्थस्थानांविषयी ऐकलेल्या असतात. सर्वांनी माना डोलावल्या. पत्रके छापून आली. त्यांच्या खाली सही आमची होती.

नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर ऐंशीच्या घरातील एक आजी आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात ते पत्रक होते. त्या म्हणाल्या, "फादर, हा क्रूस समुद्रातून नाही आला. माझ्या सासऱ्यांनी आणि आणखी तिघांनी तो बांधायचं ठरवलं. प्लेगात लोक घरं सोडून रानात राहायला गेले होते. मेलेल्याला उचलायला कोणी नव्हतं. हे चौघे जण उचलायचे. चौघांतले दोघे त्याच साथीत गेले. जे उरले, त्यांनी हा क्रूस बांधला. तुम्ही त्यांना पुसून टाकलंत."

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढील काही वर्षांत मुंबई व साष्टी भागातील ख्रिस्ती वस्त्यांत असे अनेक क्रूस उभारले गेले, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही आम्ही चौकशी केली नव्हती. गावातील एका वृद्धेच्या घरी खरी कथा जिवंत होती आणि आम्ही तिच्या दारावरून पुढे जाऊन उसनी कथा घेऊन आलो होतो. त्या आजींचे शेवटचे वाक्य आम्ही आजवर विसरलेलो नाही.

प्रत्येक समाजाच्या सणामागे एखादी कथा असते. कोठे ती पुराणकथा असते, कोठे आख्यायिका, कोठे इतिहास. आपल्या श्रद्धेचे वैशिष्ट्य असे, की तिच्या केंद्रस्थानी असलेली कथा विशिष्ट काळी, विशिष्ट ठिकाणी घडलेली आहे. आपण दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो, तेव्हा त्यात एका रोमन सुभेदाराचे नाव येते. पोंती पिलात हे नाव तेथे का आहे? हे सारे खरोखर घडले, ह्याची आठवण राहावी म्हणून. त्यामुळे ख्रिस्तसभा नवा सण स्थापन करते, तेव्हा ती नवी कथा रचत नाही. जी कथा तिच्याजवळ आधीपासून आहे, तिचा कोणता भाग आजच्या पिढीपुढे ठेवण्याची निकड आहे, एवढेच ती ठरवते.

गरज आधी, सण नंतर

सण मुळात हवा कशाला? पोप पायस अकरावे ह्यांनी आपल्या परिपत्रकात ह्याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : ख्रिस्तसभेची अधिकृत पत्रे थोड्या विद्वानांपर्यंत पोहोचतात आणि एकदाच बोलतात. सण मात्र सर्वांपर्यंत पोहोचतो आणि दर वर्षी बोलतो. पत्र बुद्धीला स्पर्श करते, तर सण बुद्धीबरोबर हृदयालाही. माणूस केवळ आत्मा नाही, त्याला शरीरही आहे. म्हणून डोळ्यांना दिसणारी, कानांना ऐकू येणारी उपासना त्याला श्रद्धेचे सत्य अधिक खोलवर शिकवते.

पुढे ते इतिहासाचे दाखले देतात. छळाच्या काळात रक्तसाक्ष्यांचे सण आले. पवित्र साक्रामेंताविषयीचा आदर उणावला, तेव्हा ख्रिस्तशरीराचा सण आला. देवाच्या कठोरपणाच्या धास्तीने भाविक वेदीपासून दूर राहू लागले, तेव्हा येशूच्या पवित्र हृदयाचा सण आला. थोडक्यात, त्या त्या काळाला लागलेली तहान ओळखून सणाचा विषय निवडला गेला.

ह्यांपैकी ख्रिस्तशरीराच्या सणाची हकिकत विशेष बोधप्रद आहे. तेराव्या शतकात आजच्या बेल्जियममधील लिएज येथे जुलियाना नावाची एक धर्मभगिनी होती. तरुणपणापासून तिला प्रार्थनेत एक दर्शन घडत असे. पूर्ण चंद्र दिसे, पण त्यावर एक काळा पट्टा असे. चंद्र म्हणजे ख्रिस्तसभेचे उपासना जीवन आणि काळा पट्टा म्हणजे त्यातील एका सणाची उणीव, असा त्या दर्शनाचा अर्थ तिला पुढे उमगला. १२४६ साली लिएजच्या महागुरुस्वामींनी आपल्या धर्मप्रांतासाठी हा सण सुरू केला. जुलियानाला मात्र विरोधामुळे आपला मठ सोडावा लागला आणि १२५८ साली तिचे परगावी निधन झाले. लिएज येथे एके काळी धर्माधिकारी असलेले पोप अर्बन चौथे ह्यांनी १२६४ साली हा सण संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. त्याच वर्षी तेही निवर्तले आणि सण सर्वत्र रुजायला चौदावे शतक उजाडावे लागले.

ह्या सणाशी बोल्सेना येथील चमत्काराची कथाही निगडित आहे. साक्रामेंताविषयी मनात शंका असलेला एक धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत असता पवित्र भाकरीतून रक्त ओघळले, अशी ती परंपरा आहे. ओर्व्हिएतोच्या भव्य महामंदिरात त्या घटनेचे वस्त्र जतन केलेले आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की पोप अर्बन ह्यांच्या आदेशपत्रात ह्या चमत्काराचा उल्लेखही नाही. त्यांनी सणाचा आधार म्हणून शेवटच्या भोजनाकडे बोट दाखवले. ज्या गुरुवारी हा संस्कार स्थापन झाला, तो पवित्र गुरुवार दुःखसहनाच्या छायेत असतो, त्यामुळे आनंदाने आभार मानण्यासाठी वेगळा दिवस हवा, असे त्यांचे म्हणणे. चमत्काराची कथा लोकांच्या भक्तीत राहिली, सणाचा पाया शुभवर्तमानावर राहिला. ख्रिस्तसभा आख्यायिकांचा तिरस्कार करीत नाही. मात्र त्यांच्यावर ती सणाची इमारत उभी करीत नाही.

मंचावर रचलेला सण

ह्याच्या उलट उदाहरण फ्रेंच राज्यक्रांतीत सापडते. १७९३ साली क्रांतिकारकांनी नवे पंचांग काढले. सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला, जेणेकरून रविवार कोणाच्या ध्यानातच राहू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात 'बुद्धी'चा उत्सव झाला. ८ जून १७९४ रोजी रोबेस्पिएर ह्यांनी 'परमतत्त्वाचा उत्सव' भरवला. त्याची मांडणी प्रख्यात चित्रकार दाविद ह्यांनी केली होती. मैदानावर कृत्रिम डोंगर रचला, गायकवृंद उभे केले, नास्तिकतेचा पुतळा जाळला आणि त्याच्या आतून शहाणपणाची मूर्ती प्रकट केली. ख्रिस्ती पंचांगानुसार तो दिवस पेंटेकॉस्टचा होता.

ह्या उत्सवात कलावंत थोर होते, खर्चाला कमी नव्हती, विषयही उदात्त होता. परंतु सातच आठवड्यांनी, २८ जुलै रोजी, रोबेस्पिएर ह्यांचा शिरच्छेद झाला आणि उत्सवही मावळला. नवे पंचांग १८०६ च्या आरंभी रद्द झाले. लोकांनी रविवार परत घेतला. का बरे? त्या उत्सवातील कथा कोणाच्याही आजीने आपल्या नातवाला सांगितलेली नव्हती. दाविद ह्यांचा डोंगर पाहायला लोक आले, पण त्या डोंगरावर त्यांच्या घरातले काहीच नव्हते. वेशीवरच्या क्रुसासाठी आम्ही समुद्रातून आणलेली कथा त्याच जातीची होती, फक्त लहान.

१९२५ : कोणता राजा?

आता ख्रिस्तराजाच्या सणाकडे वळू. पहिले महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी येथील सिंहासने कोसळली होती. रशियात १९१७ साली बोल्शेविकांनी सत्ता घेतली होती. इटलीत १९२२ पासून मुसोलिनी सत्तेवर होते. माणसांना आपली सारी निष्ठा राष्ट्राला, पक्षाला किंवा एका नेत्याला वाहण्यास सांगितले जात होते. पायस अकरावे १९२२ साली पोप झाले आणि त्याच वर्षअखेरीस त्यांनी आपल्या पहिल्या परिपत्रकात सांगितले, की युद्ध थांबले तरी शांती आलेली नाही आणि खरी शांती ख्रिस्ताच्या राज्यातच लाभेल. तीन वर्षांनी त्यांनी तोच विचार सणाच्या रूपाने मांडला. अनेक कार्डिनल, महागुरुस्वामी आणि प्रापंचिक भाविक ह्यांच्याकडून तशी विनंतीही आली होती.

विषय ठरला : ख्रिस्ताचे राजेपण. परंतु राजसिंहासने धुळीला मिळत असताना 'राजा' हा शब्द निवडणे धाडसाचे होते. तो शब्द निवडला गेला, कारण तो पवित्र शास्त्रात जागोजागी आहे. देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपात अंत नसलेल्या राज्याचा उल्लेख आहे. संदेष्टा दानिएल ह्याने मानवपुत्राला दिलेले अढळ राज्य पाहिले. आणि स्वतः प्रभूने पिलातासमोर आपले राजेपण नाकारले नाही.

पिलातासमोरचा हाच प्रसंग, योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील, ह्या सणाचे शुभवर्तमान म्हणून निवडला गेला. ही निवड फार अर्थपूर्ण आहे. यरुशलेममध्ये प्रभूचा जयजयकार झाला, तो प्रसंग घेता आला असता. भाकरींच्या चमत्कारानंतर लोक त्याला बळजबरीने राजा करू पाहत होते, तोही प्रसंग होता. मात्र तेथे प्रभू एकटाच डोंगरावर निघून गेला, हे आपण जाणतो. निवडला गेला तो हात बांधलेल्या कैद्याचा प्रसंग. त्याच्यापुढे साम्राज्याचा प्रतिनिधी बसलेला आहे आणि कैदी सांगतो आहे, की माझे राज्य ह्या जगाच्या रीतीचे नाही आणि मी सत्याची साक्ष देण्यासाठी आलो आहे. सणाचे नाव वैभवाचे आहे, कथा मात्र न्यायालयातल्या आरोपीची. ती कथा वाचल्यावर त्या नावाचा भलता अर्थ काढणे अवघड होते.

दिवसही विचारपूर्वक ठरला. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या अगदी आधी. वर्षभर ख्रिस्ताच्या जीवनातील रहस्यांचे चिंतन झाल्यावर त्यांचा कळस म्हणून हा सण यावा, अशी त्यामागील भूमिका. रविवार का? तर कामकरी भाविकांनाही मिस्सेला येता यावे, सण केवळ धर्मगुरूंपुरता राहू नये म्हणून. त्याला १९२५ ह्या वर्षाचीही जोड होती. ते पवित्र वर्ष होते आणि ३२५ सालच्या निसिया विश्वपरिषदेला त्या वर्षी सोळाशे वर्षे झाली होती. ख्रिस्त हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे त्या परिषदेने घोषित केले होते.

अखेरची गोष्ट म्हणजे कृती. त्या दिवशी भाविकांनी काय करावे? पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९९ साली समस्त मानवजातीचे येशूच्या पवित्र हृदयाला समर्पण केले होते. त्या समर्पणाची प्रार्थना दर वर्षी ह्या सणाच्या दिवशी म्हणावी, असे ठरले. नव्या सणाला जुन्या भक्तीचा हात धरून चालता आले. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी हा सण प्रथम साजरा झाला.

सणाची परीक्षा

सण नवा असतो, तेव्हा त्याचा अर्थ अजून पक्का झालेला नसतो. तो अर्थ माणसे आपल्या जगण्यातून भरतात, कधी चांगला, कधी वाईट. ख्रिस्तराजाच्या सणाच्या पहिल्या काही वर्षांतच दोन्ही घडले.

मेक्सिकोमध्ये १९२६ पासून शासनाने ख्रिस्तसभेवर कडक निर्बंध लादले आणि सशस्त्र संघर्ष पेटला. मिगेल प्रो हे तरुण येशूसंघीय धर्मगुरू वेषांतर करून घरोघरी साक्रामेंत पोहोचवीत, गरिबांना अन्नधान्य देत. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांना खटला न चालवता गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही, क्रुसावरच्या प्रभूप्रमाणे हात पसरले, मारणाऱ्यांना क्षमा केली आणि ख्रिस्तराजाचा जयघोष करीत प्राण सोडला. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. केवळ दोन वर्षांच्या सणाला त्यांनी आपल्या रक्ताने अर्थ दिला आणि तो अर्थ पिलातासमोरच्या कैद्याशी जुळणारा होता.

बेल्जियममध्ये वेगळे घडले. 'ख्रिस्तराजा' ह्याच लॅटिन नावाच्या एका कॅथलिक प्रकाशनगृहाचा तरुण संचालक लेओं देग्रेल ह्याने त्या नावातील 'राजा' हा शब्द उचलून १९३० च्या दशकात 'रेक्स' नावाचा राजकीय पक्ष उभारला. नावातून ख्रिस्त गळाला आणि राजा तेवढा उरला. १९३७ साली बेल्जियमचे कार्डिनल व्हान रोय ह्यांनी भाविकांना त्या पक्षापासून दूर राहण्यास जाहीरपणे सांगितले. पुढे युद्धकाळात देग्रेल हिटलरच्या सैन्यात सामील झाला. सणाचा विषय आणि त्याची कथा एकमेकांपासून तोडली, की काय होते, ह्याचा हा भयंकर दाखला आहे. विषय घोषणेत मावतो, म्हणून तो पळवून नेणे सोपे असते. हात बांधलेल्या कैद्याला पक्षाच्या झेंड्यावर बसवणे तेवढे सोपे नाही.

१९६९ : सणाची दुरुस्ती

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर पोप पॉल सहावे ह्यांनी १९६९ साली उपासनेचे नवे पंचांग संमत केले. त्यात ख्रिस्तराजाचा सण ऑक्टोबरमधून उपासना वर्षाच्या शेवटच्या रविवारी आला आणि त्याच्या नावात 'विश्वाचा' हा शब्द घालण्यात आला. एखाद्या देशातील सत्तेच्या प्रश्नापेक्षा सृष्टीच्या अंतिम पूर्णतेकडे त्याचा रोख वळला.

त्याहून मोठा बदल वाचनांत झाला. आता तीन वर्षांच्या चक्रात तीन शुभवर्तमाने येतात. एका वर्षी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग. तेथे राजा सिंहासनावर बसतो आणि सांगतो, की भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान ह्यांच्या रूपात मीच तुमच्याकडे आलो होतो. दुसऱ्या वर्षी पिलातासमोरचा जुना प्रसंग. तिसऱ्या वर्षी लूकच्या शुभवर्तमानातील क्रुसाचा प्रसंग. तेथे राजाच्या डोक्यावर थट्टेची पाटी आहे आणि त्याच्या राज्यात प्रवेश मागणारा एकमेव माणूस म्हणजे शेजारी टांगलेला गुन्हेगार. तिन्ही वर्षे आपल्याला सत्तेचा राजा कोठेही दिसत नाही. काळाच्या ओघात सणाची कथा पालटली नाही, ती अधिक पूर्ण झाली.

ह्याच पंचांगात जुन्या आख्यायिकांचीही छाननी झाली. प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर ह्यांचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढून स्थानिक भक्तीवर सोपवला गेला. तेव्हा अनेकांना वाटले, की त्यांचे संतपदच काढून घेतले. तसे मुळीच झाले नाही. त्यांच्याविषयी निश्चित माहिती थोडी आणि आख्यायिका फार, म्हणून सार्वत्रिक सणाची जागा त्यांना राहिली नाही, इतकेच.

१ मे : दोन कथांचा एक दिवस

आपल्या जवळचे एक उदाहरण पाहू. शिकागो येथे १८८६ साली आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी कामगारांनी मे महिन्याच्या पहिल्या दिवशी संप केला. त्या लढ्याच्या स्मरणार्थ १८८९ साली पॅरिस येथे जमलेल्या समाजवादी परिषदेने १ मे हा आंतरराष्ट्रीय कामगार दिन ठरवला. कामगारांना हा दिवस हवाहवासा होता, परंतु त्यांच्या अनेक संघटना धर्माकडे पाठ फिरवून उभ्या होत्या. अशा वेळी पोप पायस बारावे ह्यांनी १ मे १९५५ रोजी इटलीतील ख्रिस्ती कामगारांच्या मेळाव्यात 'श्रमिक संत योसेफ' ह्या सणाची घोषणा केली.

त्यांनी कामगारांचा दिवस हिरावून घेतला, असे काही टीकाकार म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. घामाची किंमत मागणाऱ्या कामगाराला ख्रिस्तसभेने सांगितले, की तुझ्या बाजूची कथा आमच्याकडेही आहे. नासरेथच्या सभास्थानात लोकांनी प्रभूला सुताराचा मुलगा म्हणून हिणवले, तोच उतारा ह्या सणाचे शुभवर्तमान झाला. जो शब्द हिणवण्यासाठी वापरला गेला, तोच गौरवाचा झाला.

तथापि हेही मान्य करावे लागेल, की १९६९ च्या पंचांगात हा सण ऐच्छिक स्मरणदिन झाला आणि बऱ्याच धर्मग्रामांत तो नकळत निघून जातो. महाराष्ट्रात तर १९६० पासून १ मे हा राज्याच्या स्थापनेचाही दिवस आहे. ह्या राज्यासाठीच्या लढ्यात गिरणी कामगार आघाडीवर होते, हे हुतात्मा चौकात उभ्या असलेल्या शेतकरी व कामगाराच्या पुतळ्यांवरून कोणालाही कळते. आपल्या वाडवडिलांपैकीही कित्येक जण गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबले. ज्या धर्मग्रामात १ मे रोजी त्यांची आठवण होते, गवंडी, सुतार, घरकाम करणाऱ्या भगिनी ह्यांना वेदीजवळ बोलावले जाते, तेथे हा सण जिवंत आहे. घोषणा रोममध्ये झाली, पण सण रुजवणे धर्मग्रामाच्या हाती राहते.

अलीकडच्या काळातील दिवसही ह्याच रीतीने घडले आहेत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१७ पासून गरिबांचा जागतिक दिन सुरू केला आणि तो ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी ठेवला, म्हणजे राजाकडे जाण्याची वाट गरिबांच्या दारावरून जाते हे दिसावे. २०२१ साली सुरू झालेला आजीआजोबांचा व ज्येष्ठांचा जागतिक दिन त्यांनी जुलैच्या चौथ्या रविवारी ठेवला, कारण २६ जुलैला येशूचे आजीआजोबा संत योआकिम व संत अन्ना ह्यांचा सण येतो. धर्मप्रांतीय युवा दिनही २०२१ पासून झावळ्यांच्या रविवारऐवजी ख्रिस्तराजाच्या रविवारी आला. प्रत्येक ठिकाणी तारीख स्वतःच काहीतरी सांगते.

आपल्या धर्मग्रामांसाठी चार प्रश्न

ह्या साऱ्यावरून आपण काय घ्यावे? धर्मग्रामात नवा सण किंवा नवा दिवस सुरू करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

पहिला, ह्या दिवसाची गरज कोणाला आहे? केवळ शेजारच्या धर्मग्रामात आहे म्हणून आपल्याकडे हवा, हे पुरेसे कारण नाही. आपल्या गावात व्यसनाने पोखरलेली घरे असतील, परदेशी गेलेल्या मुलांचे एकटे आईवडील असतील, जमीन विकून हातात काही न उरलेली कुटुंबे असतील. तहान तेथे आहे.

दुसरा, कथा आपल्याकडे आधीच आहे काय? प्रथम शुभवर्तमानात शोधावी, मग धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत, मग वृद्धांच्या आठवणींत. मिळाली नाही, तर प्रामाणिकपणे थांबावे. असत्य कथा सांगून सत्यस्वरूप प्रभूचा सण करता येत नाही.

तिसरा, तारीख काय सांगते? उपासना वर्षाच्या प्रवाहाला ती धरून आहे, की त्याच्या आड येते? आगमनकाळात किंवा प्रायश्चित्तकाळात वाजतगाजत मिरवणूक काढण्याचा मोह टाळावा.

चौथा, त्या दिवशी हातांनी काय करायचे? रोषणाई, बँड आणि भोजन हे सणाचे अलंकार आहेत. परंतु ज्या सणात एखादा भुकेला जेवत नाही, एखादे जुने भांडण मिटत नाही, एखाद्या आजाऱ्याचे दार वाजत नाही, तो सण अजून पूर्ण झालेला नाही.

वेशीवरच्या त्या क्रुसाचे पुढे काय झाले, हे सांगून आम्ही आवरते घेतो. पत्रके मागे घेतली. पुढच्या रविवारी मिस्सेत आम्ही सर्वांसमोर क्षमा मागितली आणि आजींनी सांगितलेली हकिकत लोकांना सांगितली. त्यानंतर आणखी दोन घरांतील माणसे पुढे आली. त्यांच्याही घरात ती गोष्ट होती, पण आजवर कोणी विचारलेच नव्हते. तरुणांनी सणाचा विषय बदलून 'आजाऱ्यांची सेवा' असा ठेवला. सणाच्या आदल्या दिवशी ते चारचारच्या गटाने अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी गेले. चार का, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आमच्या राजाला मुकुट मिळाला तो काट्यांचा. त्याच्या नावाने जो कोणी नवा सण सुरू करील, त्याने हा मुकुट ध्यानात ठेवावा आणि सणाची कथा लिहायला बसण्यापूर्वी गावातील एखाद्या आजीकडे जाऊन यावे, एवढीच आमची विनंती.